समर्थ सर्व्हिस स्टेशनचे चौऱ्याऐंशी रुपये

बुधवार, १ जानेवारी १९८६. मुलुंड.
डायरी आजपासून. ऑफिसात डब्यांचा सप्लायर देऊन गेला. होती साहेबांसाठी, पण साहेबांना दोन मिळाल्या.
पुढेमागे वाचताना मलाच संदर्भ लागावा म्हणून घरातल्या माणसांची नोंद: मी मधुकर परब, वय त्रेचाळीस, भांडुपच्या पेंट कंपनीत डिस्पॅच सेक्शनचा हेड क्लार्क. सुलक्षणा, पत्नी. भाऊ, माझे वडील, चाळीस वर्षं गिरणीत, आता गॅलरीत. आणि एक स्कूटर.
यंदाचा संकल्प एकच. घराचा पैशाचा कारभार हातात घट्ट धरायचा. म्हणजे तो माझ्याच हातात आहे. माझ्या सहीशिवाय या घरातला पैसा हलत नाही. खातं माझ्या एकट्याच्या नावावर. एका घराला एक खातं पुरतं हे मी लग्नातच सांगितलं होतं. बँकेत जाणं, वाणी, दूधवाला, सोसायटी ही बारीक कामं सुलक्षणा करते. त्यात डोकं लागत नाही. मी पॉलिसी ठरवतो.
यंदा पासबुक स्वतः तपासणार. सुलक्षणाला तसं सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, बघा ना, कपाटातच आहे. मग सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकले.

शनिवार, ४ जानेवारी. दुपारी ३.
हाफ डे. पासबुक काढलं. वाट लागली.
दर महिन्याला एक एन्ट्री: समर्थ सर्व्हिस स्टेशन. ऑक्टोबर, चौऱ्याऐंशी पन्नास. नोव्हेंबर, एक्क्याण्णव. डिसेंबर, पुन्हा चौऱ्याऐंशी. मागे मागे गेलो तर सप्टेंबर १९८४ पर्यंत तेच. हे समर्थ कोण? मी कुणाला ओळखत नाही. आमच्याकडे सर्व्हिस करण्यासारखं आहे काय? एक मिक्सर. तोही वॉरंटीत.
दुसरं एक निघालं. दर महिन्याला खात्यात रोख जमा: कधी तीनशे, कधी चारशे दहा. मी कधीही रोख भरलेली नाही. हा उघड बँकेचा घोटाळा. दुसऱ्या कुणाचे तरी पैसे माझ्या खात्यात पडतायत. यावर शांतपणे विचार केला. आपली चूक शोधणं बँकेचं काम. उगाच त्यांच्या कामात लुडबूड नको.
चौऱ्याऐंशी रुपयांचा मात्र छडा लावणार. प्रश्न तत्त्वाचा आहे.
सुलक्षणाला विचारावं का? नाही. तपास चालू असताना घरच्यांना विचारायचं नसतं. शिवाय ती घाबरते.

रविवार, ५ जानेवारी. सकाळी ११.
रविवारची स्कूटरसेवा. १९७८ मध्ये बुकिंग केलं, १९८४ च्या एप्रिलमध्ये गाडी आली. सहा वर्षं! अशी गाडी रस्त्यावर काढून खराब करणारे लोक बघितले की हसू येतं. वरच्या मजल्यावरचे नंदकुमार फियाट बाळगतात. दर दोन महिन्यांनी गॅरेजात. माझी स्कूटर दीड वर्ष पार्किंगमध्ये, सुलक्षणाने शिवलेल्या खोळीत. मीटर अकरा किलोमीटर. शोरूमपासून घरापर्यंतचे. तेसुद्धा नंदकुमारांनी आणली, मी मागे बसून लक्ष ठेवलं. नंतर मीटरची केबल काढून ठेवली. कुणी जागेवरून हलवली तरी आकडा वाढता कामा नये. विकताना नव्याचा भाव येतो. ही आयडिया कुणाला सुचत नाही.
पुसली. टायरची नक्षी थोडी गुळगुळीत वाटली. हवामान. रबर बसल्याजागी झिजतं. टाकीत डोकावलो, तर दीड वर्षापूर्वीचं पेट्रोल जसंच्या तसं. उलट वाढल्यासारखं वाटलं. उन्हाने द्रव पसरतात, शाळेत शिकलो होतो.
भाऊ गॅलरीतून बघत होते. म्हणाले, ती गाडी तुका काय सांगता ता कधी ऐकलंस? म्हटलं, भाऊ, गाडी सांगत नसते. ते आत गेले. वय झालं.

मंगळवार, ७ जानेवारी.
लंचमध्ये भांडुपहून बसने येऊन बँकेत गेलो. काउंटरवर क्षमा नावाच्या बाई. समर्थ सर्व्हिस स्टेशन कोण, म्हणून विचारलं. म्हणाल्या, चेकनाक्यावरचा पेट्रोल पंप.
पेट्रोल पंप!
मी म्हणालो, बाई, माझ्याकडे गाडी नाही. म्हणजे आहे, पण ती चालत नाही. म्हणजे चालते, पण मी चालवत नाही. त्या म्हणाल्या, मग घरातलं कुणी? हसू आलं. भाऊ एकाहत्तर. सुलक्षणाला तर मिक्सरचं बटणसुद्धा मी दाखवलं होतं.
रोख जमेचा विषय काढला नाही. बाई लेजर चाळायला लागल्या. पान उलटू नका म्हणून बोट ठेवलं. त्यांनी बोटाकडे बघितलं. मी उठलो.
ऑफिसला पोचायला तीन. मन थाऱ्यावर नाही. हिरव्या रंगाचे वीस डबे कुर्ल्याऐवजी चेंबूरला पाठवले.

शुक्रवार, १० जानेवारी.
संशयित सापडला. नंदकुमार. फियाट. महिन्याला चौऱ्याऐंशी रुपयांत फियाट चालत नाही हे खरं, पण हुशार चोर सगळी टाकी दुसऱ्याच्या पैशाने भरत नाही. थोडी थोडी भरतो. शिवाय हा माणूस मला जिन्यात भेटला की हसतो. आजही हसला. म्हणाला, काय परब, गाडी कशी पळतेय? म्हटलं, उभी आहे. तर आणखी हसला.
पाळत ठेवणार.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ वाटला. नंदकुमारांना दिला नाही. त्यांची बायको उत्तरा मात्र हळदीकुंकवाला आली आणि सुलक्षणाशी तासभर बोलत बसली. मी पेपर वाचतोय असं दाखवून कान दिला. बोलणं भलत्याच गोष्टींचं: नाहूरच्या बायका पैसे वेळेवर देतात, भांडुपच्या देत नाहीत, एका दिवसात किती घरं होतात. मधेच उत्तरा माझ्याकडे बघून गप्प झाली. बायकांच्या भिशीबिशीचं असणार. त्यात डोकं घालत नाही.

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळी ६.
आज पाळत. हाफ डे करून थेट चेकनाका. पंपासमोर रसाचं गुऱ्हाळ आहे, तिथे दोन ते साडेचार बसलो. पाच ग्लास रस. रसवाला म्हणाला, साहेब, कुणाची वाट बघताय का? म्हटलं, सत्याची. त्याने सहावा ग्लास आणून ठेवला.
नंदकुमारांची फियाट ३.१० ला आली. नंबर घेतला. वीस रुपयांचं पेट्रोल, पैसे रोख. म्हणजे माझ्या चेकचा संबंध नाही, किंवा तसं भासवण्याची युक्ती.
एक विशेष बघितलं. एक बाई स्कूटरवर आल्या. माझ्या गाडीच्याच कंपनीची, तिच्याच राखाडी रंगाची. अंगात पुरुषी विंडचीटर, डोक्यावर हेल्मेट, पाठ माझ्याकडे. पंपवाल्याने सलाम केला. त्यांनी वहीत सही केली, पैसे दिले नाहीत, किक मारली आणि ट्रकच्या बाजूने झकास निघाल्या. नंबर घेतला नाही कारण फियाटचा लिहीत होतो. खरं सांगायचं तर बघतच राहिलो. बायकांनी गाडी चालवू नये हे माझं मत कायम. पण क्लच सोडला काय सुंदर.
घरी आलो तेव्हा सुलक्षणा नुकतीच कुठूनशी आली होती. चहा देताना तिला त्या बाईंबद्दल सांगितलं. ती म्हणाली, हो का, छान चालवत होत्या का? म्हटलं, बऱ्यापैकी. तिने कपात आणखी साखर घातली. मी मागितली नव्हती.
माझी निळी विंडचीटर गेल्या पावसाळ्यापासून सापडत नाही. शोधणार.

बुधवार, २२ जानेवारी.
बँक पुन्हा. या वेळी थेट मॅनेजर. सगळे चेक काढायला लावले. क्षमाबाईंनी सोळा चेक टेबलावर मांडले. प्रत्येकावर सही: म. ल. परब. माझीच. म्हणजे हुबेहूब माझ्यासारखी. मी म्हणालो, साहेब, ही बनावट आहे, आणि बनवणारा कलाकार आहे.
त्यांनी माझं सहीचं कार्ड मागवलं. कार्डावरची सही जुळेना. चेकवरच्या सोळाही एकमेकांशी जुळतात, कार्डावरची, लग्नाआधीची, वेगळी. मॅनेजर म्हणाले, परब, या हिशेबाने बनावट सही कार्डावर आहे. इथे एक सही करून दाखवा. केली. चेकशी जुळली.
त्यांनी विचारलं, तुम्ही कोरे चेक सही करून ठेवता का?
मला माझी पद्धत सांगावी लागली. लोकांना असली शिस्त माहीत नसते. दसऱ्याला आपण हत्यारं, वह्या, गाड्या पुजतो. मी चेकबुक पुजतो. पूजा झाली की त्याच मुहूर्तावर सगळ्या पानांवर सह्या करतो आणि चेकबुक सुलक्षणाच्या हाती देतो. वर्षभर कटकट नाही. सही माझी, म्हणजे कंट्रोल माझा. मॅनेजरांनी घंटी वाजवली. क्षमाबाईंनी पाणी आणून दिलं.
नंतर ते हळूच म्हणाले, घरी एकदा विचारा ना. मी म्हणालो, घरी काय विचारायचं? रक्कम लिहिली कुणी ते शोधा. ते म्हणाले, अक्षर बाईमाणसाचं वाटतंय. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उत्तरा! हळदीकुंकवाला येते आणि चेक उचलते.
उरलेले सगळे चेक थांबवा, असं लेखी देऊन आलो. आता बघू.

गुरुवार, ३० जानेवारी.
फास आवळतोय. आज घरी आलो तर सुलक्षणाचा चेहरा उतरलेला. म्हणाली, चेक परत आला. म्हटलं, कुठला? म्हणाली, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. आणि आणखी एक. आणखी कुठला ते सांगितलं नाही.
मी तिला पहिल्यांदाच विश्वासात घेतलं. खात्याला भोक पडलंय, पेट्रोल पंपावर आपला पैसा जळतोय, मी सगळं थांबवलंय, तू घाबरू नकोस. तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, अहो, बसा जरा, मला तुमच्याशी बोलायचंय. नेमकं तेव्हा मला पुढची योजना सुचली, म्हणून आधी तीच सांगून टाकली: स्कूटर विकायची. बाजारात वेटिंग लिस्ट अजून चार वर्षांची. अकरा किलोमीटरची कोरी गाडी चार हजार जास्त देऊन कुणीही नेईल. पैसा फिक्स्ड डिपॉझिटमध्ये. म्हणजे पेट्रोल हा विषयच घरातून गेला.
ती म्हणाली, विकू नका.
मी कारण विचारलं. ती पुन्हा म्हणाली, विकू नका. लग्नाला सतरा वर्षं झाली, तिने माझ्याकडे कधी साडीसुद्धा मागितली नाही. पण भावनेवर घर चालत नाही. तिला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं. उद्या विचारणार.

रविवार, २ फेब्रुवारी.
विचारायला वेळ मिळाला नाही. पेपरात छोटी जाहिरात दिली: स्कूटर, १९८४, पूर्ण नवी, वापर शून्य.
भाऊ दोन वेळ जेवले नाहीत. सुगरणीसारखा स्वयंपाक करणारी सून असताना हे काय? विचारलं तर म्हणाले, तुका इतकी वर्सा शाळेत घातलंय ता फुकट गेला. मिल बंद पडल्यापासून भाऊंच्या बोलण्यात कडवटपणा आलाय.
सुलक्षणा दुपारभर गायब. पाच वाजता आली, पायांना धूळ, चपलेचा अंगठा तुटलेला. कुठे गेली होतीस? म्हणाली, भांडुपला, चालत. चालत का? म्हणाली, गाडी नव्हती. म्हटलं, बस असते. ती हसली आणि तांदूळ धुवायला गेली. हसली म्हणजे तसं हसू नव्हतं ते. मला दिवसभर अस्वस्थ वाटतंय. हवेचा परिणाम. गुळाचा चहा घेतला.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
जाहिरातीला सात फोन, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर वैतागले. एक गिऱ्हाईक पक्कं: घाटकोपरचा धोंडिराम, हार्डवेअरचं दुकान. नव्याच्या किमतीवर साडेतीन हजार द्यायला तयार. रविवारी येणार.
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, परब, तुमच्यासारखी दूरदृष्टी पाहिजे. डबे आज बरोबर जागी गेले. फक्त रंग वेगळा गेला.

रविवार, ९ फेब्रुवारी. रात्री लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
धोंडिराम दहाला आला. बरोबर त्याचा मेकॅनिक. खोळ काढली, गाडी चमकत होती. बिल्डिंगमधले चारपाच लोक जमले. नंदकुमार आणि उत्तरा गॅलरीत. मी छोटंसं भाषण केलं: सहा वर्षं वाट बघून घेतली, दीड वर्षं जपली, किकसुद्धा मारली नाही.
मेकॅनिकने किक मारली. पहिल्या किकला सुरू.
तो थांबला. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. बंद केली. पुन्हा मारली, पुन्हा पहिल्या किकला. मग खाली वाकला. टायर बघितले, ब्रेक बघितले, क्लचची केबल बघितली. म्हणाला, केबल दोनदा बदललीय. सायलेन्सरमध्ये बोट घालून काळं काढलं आणि धोंडिरामला दाखवलं. मीटरची सुटी केबलही त्याला दिसली.
धोंडिराम ओरडायलाच लागला. अरे, आठदहा हजार किलोमीटर पळवली गाडी, मीटर काढून ठेवलं आणि शून्य वापर म्हणून विकतोस? पांढरपेशा माणूस ना रे तू? लाज नाही वाटत? पोलिसात देऊ का?
मी म्हणालो, वडिलांची शपथ, ही गाडी जागची हलली नाही. भाऊ वरून म्हणाले, माका मधी घालू नको. मी म्हणालो, मग चोरून कुणीतरी चालवलीय! आणि बोट वर केलं, नंदकुमारांकडे. उत्तराने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, पकडली.
तेवढ्यात सुलक्षणा खाली आली. हातात हेल्मेट. अंगात निळी विंडचीटर. माझी.
ती धोंडिरामला म्हणाली, दादा, आवाज खाली. पेट्रोलच्या हिशेबाने गाडी नऊ हजारांवर झालीय. मी चालवते. वहीत सगळा हिशेब आहे, बघायचा असेल तर देते. तुम्हाला फसवून मी विकू दिली नसती. आणि यांना खोटारडे म्हणू नका. हे खोटं बोलत नाहीत हो. यांना खरंच काही माहीत नाही.
धोंडिरामने माझ्याकडे बघितलं. ओरडत होता तेव्हा बरं होतं. आता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, असू द्या दादा, होतं असं. चहा घेऊन गेला. मेकॅनिकने जाताना सुलक्षणाला सांगितलं, वहिनी, मागचा ब्रेक जरा टाइट करून घ्या.

सोमवार, १० फेब्रुवारी.
सिक लिव्ह. आजारी नाही.
सगळं सांगितलं तिने. मी विचारलं म्हणून नाही, मी काहीच विचारू शकलो नाही म्हणून.
पोस्टाच्या मासिक बचतीची एजन्सी घेतलीय. मुलुंड, नाहूर, भांडुप मिळून एकशे बारा घरं. दर महिन्याला प्रत्येक घरी जाऊन पैसे गोळा करायचे, मुदतीच्या आत पोस्टात भरायचे. कमिशन मिळतं. बसने फिरून एवढी घरं व्हायची नाहीत, म्हणून स्कूटर. पंपावर महिन्याचं खातं, शेवटी एक चेक. कमिशन दर महिन्याला खात्यात. माझ्या खात्यात, कारण तिचं खातं नाही. एका घराला एक पुरतं.
म्हणजे ती रोख जमा. बँकेचा घोटाळा.
हिशेब केला. पेट्रोल सोळा महिन्यांत एक हजार तीनशे एक्केचाळीस. जमा पाच हजार नऊशे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरात माझा पगार कर्जाच्या हप्त्याला पुरला नव्हता. हप्ता तरी गेला होता. मला वाटायचं, माझी पॉलिसी.
चेक थांबवल्यावर पंपवाल्याने खातं बंद केलं. पोस्टाची मुदत होती, गाडीत किक लागण्यापुरतंच पेट्रोल होतं, लोकांचे पैसे बाकी होते. त्या रविवारी ती भांडुपपर्यंत चालत गेली. सत्तावीस घरं.
गाडी शिकवली कुणी? भाऊंनी. भाऊंना सायकलसुद्धा येत नाही. मागच्या मैदानात सकाळी, मी ऑफिसला गेल्यावर, भाऊ दगडावर बसायचे आणि आवाज ऐकून ओरडायचे, आता बदल! चाळीस वर्षं गिरणीत मशीन ऐकलंय. भाऊ म्हणाले, गिअर हातान नाय बदलूचो, कानान बदलूचो. पडली दोनदा. माझ्या घरात माझी बायको गुडघ्याला पट्टी बांधून फिरत होती आणि मला तिने जिन्यात घसरले म्हणून सांगितलं होतं. मी तिला जिन्यात बघून चालायला सांगितलं होतं.
पहिल्यांदा सांगून टाकलं का नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, गाडी आली तेव्हा मी म्हटलं होतं, मला शिकू द्या. तुम्ही म्हणालात, आधी मी शिकतो, मग तुला शिकवतो. तीन महिने थांबले. मग कळलं.
काय कळलं, ते तिने सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
बँकेत जाऊन पत्र मागे घेतलं. पंपावर जाऊन चेकचे पैसे रोख दिले आणि खातं पुन्हा सुरू करायला सांगितलं. पंपवाला म्हणाला, परबवहिनींचे मिस्टर का तुम्ही? सतरा वर्षांत ही ओळख पहिल्यांदाच.
सुलक्षणाच्या नावाने नवीन खातं उघडलं. फॉर्मवर क्षमाबाईंनी तिची सही घेतली. तिची सही मी आज पहिल्यांदा नीट बघितली. माझ्यापेक्षा बरी आहे.
नंदकुमारांकडे माफी मागायला गेलो. ते म्हणाले, अहो, सोडा हो परब. तिळगूळ मात्र मागून घेतला.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ५.३०.
कुणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितो.
मी स्कूटर जपत नव्हतो. मला भीती वाटते. १९८४ च्या मे महिन्यात सगळे झोपलेले असताना गाडी मैदानावर ढकलत नेली होती. पहिल्या झटक्याला ती माझ्या हातातून पुढे पळाली आणि मी मागे बसलो, मातीत. उठलो, गाडी पुसली, खोळ घातली, केबल काढली. वर येऊन सुलक्षणाला सांगितलं की पोट बिघडलंय. त्या दिवसापासून नव्याचा भाव, टायरची नक्षी, सगळं सुरू झालं. सहा वर्षं थांबून आणलेल्या वस्तूची भीती वाटते हे कुणाला सांगणार?
काल रात्री जेवताना तिला सांगितलं. भाताकडे बघत सांगितलं. ती म्हणाली, माहितेय. पँटला मागे माती होती.
दीड वर्षं तिला माहीत होतं. दीड वर्षं ती माझ्या भाषणांना मान डोलवत होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून आणखी भात मागितला.

रविवार, २३ फेब्रुवारी.
ठरलं. ती मला शिकवणार. रविवारी सकाळी सहाला, लोक उठायच्या आत. अट एकच घातली: कुणी विचारलं तर मी तिला ट्रॅफिकचे नियम शिकवतोय असं सांगायचं. ती बरं म्हणाली. भाऊंना गॅलरीतून ओरडायला बंदी. ते म्हणाले, मी मैदानात येतंय.
नवा संकल्प: महिनाभरात टॉप गिअर. एप्रिलमध्ये तिला मागे बसवून ठाण्याला जेवायला. जूनपर्यंत पुणे. लोणावळ्याला चहा. विंडचीटर दुसरी घ्यावी लागेल.

रविवार, २ मार्च. सकाळी ७.३०.
सहाला मैदानात. मी पुढे, सुलक्षणा मागे, एक हात माझ्या खांद्यावर. भाऊ दगडावर. चौथ्या प्रयत्नात गाडी फर्स्टमध्ये निघाली. खरोखर निघाली. दोन झाडं मागे गेली. भाऊ ओरडले, बदल! सुलक्षणा कानाशी म्हणाली, बदला आता, मी आहे. क्लच दाबला. तिने खांदा घट्ट धरला.
तेवढ्यात बिल्डिंगच्या गॅलरीतून नंदकुमार मोठ्याने म्हणाले, वहिनी, त्यांना सेकंड टाकू द्या!
वर बघितलं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. हातात चहा. डॉक्टरसुद्धा होते.
मी म्हणालो, मी हिला नियम शिकवतोय.
टाकला नाही सेकंड.